खिडकीला सिलिकॉन मारताय? आधी या चुका टाळा

मे संपत आला की आमच्या सोसायटीत फटी बुजवायच्या सिलिकॉनची एकच गन घरोघरी फिरते. गेल्या पावसात पश्चिमेच्या खिडकीखाली ओल येऊन रंगाचे पोपडे सुटलेले असतात, ते आता आठवतात. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आपण म्हणतो, "एक सिलिकॉन द्या." तिथेच पहिली चूक होते, कारण दुकानदार समोरची जीपी (जनरल पर्पज, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या) सिलिकॉनची ट्यूब काढून देतो.

जीपी बहुतेक वेळा ॲसिटिक प्रकारचं असतं. लावताना व्हिनेगरसारखा वास नाकात गेला, की ओळखायचं. काच आणि गुळगुळीत टाइल्सवर ते छान धरतं. पण पक्कं होताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि सिमेंट, प्लास्टर, कोटा, संगमरवर या सगळ्यांशी त्याचं वाकडं. प्लास्टरवर मारलेली पट्टी पहिल्याच पावसाळ्यात बोटाने सोलून निघते. संगमरवराची चकाकी जाते. आरशामागे लावलं, तर काही महिन्यांनी आरशावर काळे डाग येतात. म्हणून खिडकीची चौकट जिथे भिंतीला भिडते, तिथे ट्यूबवर 'न्यूट्रल', म्हणजे हे आम्ल न सोडणारं, असं लिहिलेलं बघूनच घ्या. थोडं महाग पडतं, पडू दे. ओट्याच्या ग्रॅनाइटला किंवा संगमरवराला मात्र दगडासाठीचं, डाग न पाडणारं असं वेगळं मागा. साधं सिलिकॉन कधी कधी दगडात तेल सोडतं आणि सांध्यालगत काळपट पट्टा उमटतो. तो नंतर घासून जात नाही.

सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे रंगारी येऊन गेल्यावर कळतं. रंग थेंबाथेंबांनी गोळा होतो. दाराची चौकट आणि भिंत यांतली आतली, कोरडी फट भरायची असेल, तर ॲक्रिलिक सीलंट घ्या. स्वस्त असतं, पाण्याने हात धुता येतात, वरून रंगही मारता येतो. वाळताना ते आक्रसतं, त्यामुळे दुसरा हात द्यावा लागतो. पाणी साचतं तिथे ते वापरू नका. बाहेरच्या भिंतीची फट भरून वर रंग द्यायचा असेल, तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट बरं.

आता एम-सील आणि पांढरं सिमेंट. दोन्ही गोष्टी प्रत्येक मराठी घरात असतात आणि जिथे नको तिथे लागतात. दोन्ही घट्ट होतात, हाच त्यांचा दोष. खिडकीच्या चौकटीची दीड मीटर ॲल्युमिनियमची पट्टी तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने साधारण १ मिलिमीटर लांबते. भिंत तेवढ्याच उन्हात जेमतेम निम्मी फुगते. दुपारची रखरख आणि रात्रीचा गारवा रोज चालू असताना मधला कडक थर किती दिवस टिकणार? ताणणारं आणि परत येणारंच काहीतरी तिथे हवं.

एक चूक माझी स्वतःची. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. मी एका वर्षी उत्साहाच्या भरात तीही बुजवली. ट्रॅकमध्ये येणारं पावसाचं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात. पहिल्याच झडीत ट्रॅक भरला आणि पाणी आत सोफ्यावर उतरलं. ती भोकं बुजवायची नाहीत, उलट टाचणीने साफ करायची.

तसंच आतून पट्टी मारून गळती थांबत नाही. पाणी भिंतीत शिरलेलंच असतं, ते दुसरीकडून वाट काढतं. काम बाहेरून व्हायला हवं, आणि वरच्या मजल्यावर असाल तर ते दोरावरच्या माणसाचं काम आहे. खिडकीतून अंग बाहेर काढून गन चालवू नका.

लावण्याआधी जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा. जुन्यावर नवं धड चिकटत नाही आणि बाथरूममध्ये तर खालची काळी बुरशी वर डोकावतेच. मग स्पिरिटने पुसा आणि जागा कोरडी होऊ द्या. सिलिकॉनला पक्कं व्हायला हवेतला दमटपणा लागतो, पण चिकटायला पृष्ठभाग मात्र कोरडाच लागतो. म्हणून हे आगोटीचं काम, जुलैतलं नव्हे. ते दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंतच पक्कं होतं, त्यामुळे बाथरूममध्ये किमान एक दिवस शॉवर बंद. फट खोल असेल, तर आत फोमची दोरी दाबा आणि रुंदीच्या निम्म्या खोलीइतकंच सीलंट भरा. नुसतं कोंबत गेलात, तर ट्यूब कुठे गेली ते कळणार नाही. एरवी ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल सांध्याला ३०० मिलिलिटरची ट्यूब ८ मीटर पुरते.

ट्यूबवरची तारीख वाचा. जुनी वाटली, तर थोडं कागदावर काढून ठेवा. दुसऱ्या दिवशीही चिकचिकच असेल, तर ती फेकाच.

एवढं करूनही गळतंय? मग मगने पाणी ओतून बघा, पण खालून वर जात. आधी खालची पट्टी, पाच मिनिटं थांबा, मग बाजू, मग वरची. ज्या टप्प्याला आत ओल दिसेल, तिथे फट. चौकट कोरडी राहिली आणि तरी भिंत भिजली, तर दोष छज्ज्याचा किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेचा. तिथे अजून चार ट्यूब संपवल्या तरी उपयोग नाही, वॉटरप्रूफिंगवाल्यालाच बोलवा.

उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये लांब स्क्रू खुपसून ठेवा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला, की घट्ट झालेली काडी त्याच्याबरोबर निघते.