‘मला सगळं माहीत आहे’ म्हणणाऱ्या काकांशी कसं वागावं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, चिवड्याचे द्रोण आणि कुणाची तरी स्कूटर हलवायची राहिलेली. त्या दिवशी विषय होता गच्चीवरच्या सोलरचा. १० किलोवॉटचा संच बसवायचा आणि लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल कमी करायचं, असा प्रस्ताव होता. सोलरवाला मुलगा माहिती देत होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका काकांचा आवाज आला, "म्हणजे लाइट गेली तरी लिफ्ट चालणार. चला, जनरेटर विकून टाकू!"

मुलगा म्हणाला, "नाही सर, हा ऑन-ग्रिड आहे, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, लाइट गेली की..."

"अरे, सूर्य काय महावितरणला विचारून उगवतो का? साधं लॉजिक आहे. भोसरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलीत मी."

सगळे हसले. मुलगा गप्प झाला. मी सेक्रेटरी असल्यामुळे मला गप्प बसवेना. मी मोबाइलवर सोलरच्या इन्व्हर्टरचं, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं, माहितीपत्रक उघडलं आणि बाहेरची वीज गेली की तो बंद होतो, ही त्यातली ओळ चाळीस माणसांसमोर काकांना वाचून दाखवली. ओळ बरोबर होती, मीही बरोबर होते. पुढचे दोन महिने सोलरचा ठराव मात्र अडकून पडला. काकांनी आधी इन्व्हर्टरच्या कंपनीवर शंका काढली, मग गच्चीच्या स्लॅबवर, शेवटी माझ्या हेतूवर.

मी आयटीत टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्याच्या चुका दाखवण्याचाच पगार घेते. तरी चूक दाखवायची कशी, हे मला या दोन महिन्यांत नव्याने शिकावं लागलं. जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते.

आधी ठरवा, पडायचं का यात?

दर दीडशहाण्याला उत्तर देत बसलो तर पुण्यात संध्याकाळी भाजी आणायला वेळ मिळणार नाही. मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावला की बॅटरी फुगते असं कुणी म्हणालं, तर म्हणू द्यावं. मी स्वतःला तीनच प्रश्न विचारते. यात कुणाचा जीव धोक्यात येतो का? सगळ्यांचे पैसे जातात का? उद्या याच्या बोलण्यावर दुसरं कुणी निर्णय घेणार आहे का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर "हो का?" म्हणून चहाचा कप पुढे करायचा.

मग स्वतःची बाजू तपासा

ही पायरी मी बरेचदा गाळते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यात आमचा पंप रोज सकाळी नुसता घरघरायचा, पाणी चढायचं नाही. मोटर गेली, हे मी ठामपणे सांगितलं. वॉचमन दोनदा म्हणाला, "ताई, फूट व्हॉल्व्ह गळतोय, रात्रीतून पाइप रिकामा होतोय." मी मोटर रिवाइंडिंगला पाठवली. ती परत आली, बसवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. मग टाकीत उतरून फूट व्हॉल्व्ह बदलला आणि पाणी चढलं. त्या आठवड्यात या लेखातले काका मीच होते.

आपल्याला फार कळतं असं वाटण्यावर झालेला एक अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. विनोदाची जाण, व्याकरण आणि तर्क यांच्या चाचण्या त्यांनी विद्यार्थ्यांना दिल्या. सर्वांत खालच्या चौथाईतल्या मुलांचे गुण सरासरीने शंभरात खालून बाराव्या पायरीवर येत होते, आणि स्वतःला ती बासष्टाव्या पायरीवर समजत होती. सर्वांत वरच्या गटातली मुलं उलट स्वतःला जराशी कमी लेखत होती. आता गंमत बघा. यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते ‘मूर्खपणाचं शिखर’ आणि ‘निराशेची दरी’ असलेलं चित्र मूळ शोधनिबंधात नाहीच. ते चित्र दाखवून दुसऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी निबंध उघडलेला नसतो. या निष्कर्षातला काही भाग निव्वळ आकडेमोडीचा खेळ आहे, असा आक्षेपही संख्याशास्त्राच्या अंगाने घेतला गेलाय. त्याच निबंधातली एक गोष्ट मात्र मला फार कामाची वाटते: कच्च्या मुलांना तर्काचं थोडं शिक्षण दिल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज आपोआप खाली आला. म्हणजे आपल्याला कमी कळतं हे कळायलाही थोडं कळावं लागतं. नुसतं "तुम्हाला कळत नाही" म्हणून ते कळत नाही.

चारचौघांत नाही, घरी जा

ग्रुपवर तर नाहीच नाही. ग्रुपवर माणूस उत्तर आपल्याला देत नसतो, बघणाऱ्यांना देत असतो. मी शेवटी एका रविवारी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा टाकला. सोलरचा विषय मी काढला नाही. "काका, मला एक नीट कळत नाहीये, जरा काढून दाखवता का?" एवढंच म्हटलं.

‘का’ विचारू नका, ‘कसं’ विचारा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. "तुम्हाला असं का वाटतं?" विचारलं की माणूस मताची बाजू मांडायला लागतो, आणि मताच्या बाजूला दारूगोळा कधी संपत नाही. "हे कसं चालतं, एकेक टप्पा सांगा" म्हटलं की त्याला यंत्र डोळ्यांसमोर आणावं लागतं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. झिप, कुलूप, संडासाचा फ्लश असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती समजतं, असं आधी लोकांना विचारलं. लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग पायरी-पायरीने लिहून काढायला सांगितलं आणि पुन्हा गुण द्यायला सांगितले. गुण घसरले. कुणी त्यांना चूक म्हटलेलं नव्हतं, त्यांनी फक्त लिहिलं होतं.

काकांनी महावितरणच्या जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली आणि बॉलपेनने चार चौकोन काढले. पॅनेल, इन्व्हर्टर, मीटर, रस्त्यावरची विजेची डीपी. इन्व्हर्टरपासून लिफ्टकडे एक रेघ. दुसरी रेघ मीटरमधून डीपीकडे, कारण जास्तीची वीज बाहेर जाते आणि तिचे युनिट बिलातून वजा होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चित्र चांगलं काढलं होतं.

मी म्हटलं, "आता लाइट गेली. काय होईल?"

"पॅनेल चालूच. वीज इकडून लिफ्टला." त्यांनी लिफ्टच्या रेघेवर बाण काढला.

"आणि ही दुसरी रेघ?"

पेन डीपीच्या चौकोनापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. "ही पण जोडलेलीच आहे की," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "गुरुवारी लाइट बंद करून पोरं डीपीवर काम करत असतात."

"हो."

"त्यांना आपल्या गच्चीवरून झटका बसेल."

मी काही बोलले नाही, चहा प्यायले. म्हणून तर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की जास्तीत जास्त दोन सेकंदांत स्वतःला बंद करतो आणि वीज परत येऊन काही मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा तो माझा मुद्दा होता. बिलाच्या पाठीवर तो काकांचा झाला.

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळायचं. उत्तर आपल्याला माहीत असलं तरी आवाजात उलटतपासणी येऊ द्यायची नाही. पुणेरी कानांना खोच फार लवकर ऐकू येते.

वस्तूला बोलू द्या

कागदावर पटलेलं दोन दिवसांत विरतं. शेजारच्या सोसायटीत सोलर आहे. तिथल्या सेक्रेटरींना विचारून आम्ही दोघं भर दुपारी गेलो. त्यांच्या वायरमनने सोलरचा मेन स्विच खाली केला. टळटळीत ऊन आणि इन्व्हर्टरचा आकडा क्षणात शून्य. स्विच वर केल्यावरही तो लगेच उठला नाही. काका घड्याळ लावून उभे होते.

जिथे मोजता येतं तिथे बोलू नये. इंटरनेट स्लो आहे की लॅपटॉप, यावर वाद घालण्यापेक्षा केबल थेट राउटरला लावून वेग बघावा. फ्रिज जास्त बिल काढतो की गिझर, याचं उत्तर मीटर देतो.

उतरायला जिना ठेवा

पुढच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी जरा अभ्यास केला. लिफ्ट चालवायची तर बॅटरी लागेल, तिच्यावर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, खर्च बराच वाढेल. जनरेटर राहू द्या." ‘मी चुकलो होतो’ हे वाक्य त्यात नव्हतं. मला ते दाताखालच्या खड्यासारखं लागलं, हे कबूल करते. पण ठराव पास झाला.

शिवाय काकांना खरं काम मिळालं. त्यांची पस्तीस वर्षं गेली होती खरेदी खात्यात. मग कोटेशन तपासायला त्यांनाच दिलं. पॅनेल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतात त्याच्या गॅल्व्हनायझिंगची, म्हणजे गंज रोखणाऱ्या जस्ताच्या थराची, जाडी कोटेशनमध्ये लिहिलेलीच नव्हती. काकांनी सोलरवाल्याला बसवून तिथे ८० मायक्रॉन लिहून घेतलं, इन्व्हर्टरच्या वॉरंटीतली पळवाटही काढून टाकली. माझ्या नजरेतून दोन्ही सुटलं होतं. ज्ञान अर्धं असलेल्या माणसाकडे दुसरं कुठलं तरी पूर्ण असतं, ते शोधून तिथे त्याला नेऊन बसवायचं.

धोका असेल तर हे सगळं विसरा

आमच्याकडे एका फ्लॅटमध्ये गिझरच्या लाइनवरूनच ओट्याचा पॉइंट ओढलेला होता. गिझर २,००० वॉट, इंडक्शन २,०००, किटली १,५००. तिन्ही चालू झाली की ५,५०० भागिले २३० म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, थोड्या वेळाने पडायचा, आणि पडणं हेच त्याचं काम. तिथल्या तरुण भाडेकरूने व्हिडिओ बघून स्वतःच ३२ चा एमसीबी आणला. "जुना वीक झालाय," म्हणाला.

एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. त्या लाइनची वायर अडीच चौरस मिलिमीटरची, साधारण वीसेक अँपिअर झेपणारी. आणि ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरसुद्धा तासभर न पडता जाऊ देतो, तो बनवतातच तसा. म्हणजे आधी वायर तापणार, मग प्लास्टिक वितळणार, आणि एमसीबी ढिम्म बसून राहणार.

इथे प्रश्न विचारत, चित्रं काढत बसायचं नाही. मी इतकंच म्हटलं, "आज बसवू नकोस. उद्या सकाळी लायसन्सवाला वायरमन बोलावते, व्हिजिटचे पैसे सोसायटी देईल." घरमालकांना त्याच रात्री फोन केला आणि लेखी मेसेजही टाकला. वायरमनने ओट्याला वेगळी लाइन काढून दिली. त्या मुलाला पटलं की नाही, मला माहीत नाही. तेवढं मी सोडून दिलं.

घरात आणि ऑफिसात

घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत "मला कोण फसवणार?" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. सासऱ्यांशी त्यावर वाद घालणं मी बंद केलं आणि त्याऐवजी एक नियम ठरवून घेतला: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, तेव्हा पैसे ‘येण्यासाठी’ कुणी पिन मागितला की फोन ठेवायचा. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर फ्रिजवर चिकटवला. "तुमच्यासाठी नाही हो बाबा, चुकून कामवाल्या ताईंना लागला तर," असं सांगून.

ऑफिसात बॉस म्हणाला "दोन दिवसांचं काम आहे," तर नाही म्हणू नका. त्याच्यासमोर कामाचे तुकडे लिहा आणि प्रत्येकापुढे किती तास ते त्यालाच भरायला सांगा. हेही बिलाच्या पाठीवरचं चित्रच.

आमचा सोलर बसून आता वर्ष होत आलं. परवा नवीन भाडेकरू गच्चीवर पॅनेल बघायला आले होते. मी कपडे वाळत घालत होते. काका त्यांना दोन सेकंदांचं, डीपीवरच्या पोरांचं, सगळं रंगवून सांगत होते. सांगता सांगता माझ्याकडे हात करून म्हणाले, "आता ह्या सेक्रेटरी. कॉम्प्युटरमध्ये आहेत, हुशार आहेत. पण त्यांनाही आधी हे नीट कळत नव्हतं. घरी येऊन विचारून गेल्या."

मी चिमटे लावत राहिले.