जुन्या गाडीला चाक ‘बसलं’ म्हणजे जुळलं असं नाही

जुन्या गाडीसाठी चाकं शोधताना आधी पीसीडी मोजा. चार बोल्टचं चाक असेल तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी. जुन्या मिनी या ब्रिटिश गाडीचं 101.6 मिमी आहे, बऱ्याच नंतरच्या गाड्यांचं 100. फरक फक्त 1.6 मिमीचा, त्यामुळे चाक ओढूनताणून चढतं, पण बोल्टवर कायमचा ताण राहतो. असं चाक अजिबात घेऊ नका. मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) आणि नटाची बैठक (शंकूसारखी की गोल) हेही ताडून बघा.

ब्रेक बदलले असतील तर कॅलिपरवर (ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) मऊ मातीचा गोळा चिकटवा, चाक लावून हाताने सावकाश एक फेरी फिरवा. चाक काढल्यावर दबलेल्या मातीची जाडी मोजा, तेवढीच मोकळी जागा उरली आहे. रिमचा व्यास तोच असला तरी आतला आकार वेगळा असतो, म्हणून हे करायचंच.

सगळ्यात जपायचं ते ब्रेक पाइपच्या आट्यांना. 3/8 इंच यूएनएफचा (इंचातल्या मापाचे बारीक आटे) नट 10 मिमीच्या मेट्रिक भोकात सैलसर फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि जोरात ब्रेक दाबल्यावर निसटू शकतो. थ्रेड गेज (आट्यांचं माप तपासायची दातेरी पट्टी) लावूनच पार्ट मागवा.