अपघात तपासाच्या प्रशिक्षणासाठी व्हिडिओ कसा निवडावा?

बुटीबोरीतल्या एका कारखान्यात अपघात तपास शिकवताना मी तयार व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "अपघात कशामुळे झाला?" मागून लगेच उत्तर आलं, "सर, त्याचं ध्यान नव्हतं." व्हिडिओतही शेवटी तेच म्हटलं होतं. एका वाक्यात तपास आटोपला! तेव्हापासून व्हिडिओ निवडायला मी शिकवण्याइतकाच वेळ देतो.

आधी आपलं अपघात रजिस्टर उघडा. गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय घडलं, कोण थोडक्यात वाचलं, ते बघा. हिंगण्याच्या फॅब्रिकेशन शॉपला ग्राइंडर आणि क्रेनचा व्हिडिओ हवा, डाळ मिलला पट्टे आणि धुळीचा. रोजचं यंत्र पडद्यावर दिसलं की माणसं बोलायला लागतात.

मग व्हिडिओ एकट्याने, वही घेऊन, शेवटपर्यंत बघा. अपघाताची जागा राखून ठेवलेली दिसते का? काही हलवण्याआधी फोटो आणि मोजमापं घेतात का? साक्षीदारांशी एकेकट्याने बोलतात का? सुपरवायझर शेजारी उभा असताना कोणी खरं सांगत नाही. "गार्ड (यंत्रावरचं संरक्षक झाकण) का काढलंस?" अशी सुरुवात करणारा तपासनीस दिसला तर तो व्हिडिओ सोडा. "सकाळी कामावर आल्यापासून काय काय झालं, सांगा," असं विचारून पुढे गप्प बसणारा हवा.

खरी परीक्षा कारणांपाशी असते. समजा, ग्राइंडरचं चाक फुटून तुकडा डोळ्याला लागला. 'चष्मा घातला नव्हता' इथेच थांबणारा व्हिडिओ बाद. चष्मा का नव्हता? मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घामाने काच सारखी धुरकट होते, आणि स्टोअरमध्ये दुसरा चष्मा नाही. गार्ड का काढलं? मोठं चाक बसेना म्हणून. ते चाक त्या ग्राइंडरच्या वेगासाठी बनलेलंच नव्हतं. मग ते दिलं कोणी, आणि योग्य मापाची चाकं केव्हापासून संपली होती? इथवर नेणारा व्हिडिओ मिळाला की बाकी उणिवा चालवून घ्या.

रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ मोफत बघता येतात. २००८ साली जॉर्जियातल्या साखर कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली, त्याचा व्हिडिओ डाळ मिलवाल्यांनी जरूर बघावा. कन्व्हेयरभोवती पत्र्याचं आवरण बसवलं, आत धूळ कोंडली आणि पेटली. त्या धक्क्याने पुढे साचलेली धूळ उडत गेली आणि एकामागून एक स्फोट झाले. डाळीची बारीक धूळही हवेत उडाली की तशीच पेट घेते. निवेदन इंग्रजीत आहे. मी आवाज बंद करून मराठीत आणि हिंदीत स्वतः सांगतो. ते सबटायटलपेक्षा जास्त पोचतं.

परदेशी व्हिडिओतला कायद्याचा भाग मात्र कापा. अमेरिकेत कामावरच्या मृत्यूची खबर ८ तासांत द्यावी लागते. आपली माणसं तोच आकडा पाठ करून बसतात. आपल्याकडे कारखान्याची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते, कोळसा खाणीची खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. मुदती आणि फॉर्म सध्याच्या नियमांतून तपासून तुम्हीच सांगा.

रक्तबंबाळ दृश्यांचे व्हिडिओ नकोत. वर्गात कोणीतरी असा अपघात डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो खाली बघत बसतो. लांबी सात-आठ मिनिटं पुरे.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत दोन ऑपरेटरना तो दाखवून बघा. कारण सांगण्याच्या आधी पॉज करा आणि विचारा, "आता तुम्ही काय तपासाल?" गडबड झाली, ध्यान नव्हतं, एवढंच उत्तर आलं तर दुसरा शोधा. "थांबवा, मागे घ्या, ते गार्ड कुठं ठेवलंय?" असं कोणी म्हटलं, तर हाच वर्गात लावा, आणि त्याच जागी पॉज करा.