हळू धावायच्या दिवशी ॲपला आवरा

स्ट्राव्हासारख्या धावा नोंदवणाऱ्या ॲपच्या फीडमध्ये मित्राची धाव दिसली की आपलेही पाय शिवशिवतात. 2017 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये सुमारे 11 लाख धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. मित्रमंडळी एक किलोमीटर जास्त धावली, तर त्याच दिवशी आपणही साधारण 0.3 किलोमीटर जास्त धावतो, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे कमी धावणारे जास्त धावणाऱ्यांना पळवतात. उलटं घडत नाही. म्हणून अव्वल धावपटूंना फॉलो करून फार काही हाती लागत नाही. आपल्याच पातळीचे किंवा थोडे मागे असलेले आठ-दहा जण पुरेत.

खरी गडबड होते ती सोप्या धावेच्या दिवशी. आठ किलोमीटर गप्पा मारता येतील अशा वेगाने धावायचं ठरलेलं असतं. मध्येच 600 मीटरचा सेगमेंट (ॲपवर आखलेला रस्त्याचा तुकडा, ज्यावर सगळ्यांच्या वेळांची यादी म्हणजे लीडरबोर्ड असतो) लागतो, यादीत वर कोण आहे ते आठवतं आणि धाप लागेपर्यंत आपण पळतो. त्या दिवशी कुडोज, म्हणजे ॲपवरचे लाइक, भरपूर मिळतात. दुसऱ्या दिवशीच्या इंटरव्हलमध्ये (थांबत थांबत वेगाने धावण्याच्या सरावात) मात्र पाय जड.

स्ट्राव्हावर याला सरळ उपाय आहे. धाव एडिट करताना पेस लपवता येतो. अंतर दिसतं, वेग दिसत नाही. नावच 'सोपी धाव' द्या, म्हणजे कोणी वेगाची चौकशी करत नाही. तरीही सेगमेंट खुणावत असेल तर ती धाव फक्त स्वतःपुरती ठेवा, ती लीडरबोर्डवर जातच नाही. मात्र ही सेटिंग निघण्यापूर्वीच डिफॉल्ट करून ठेवा. परतल्यावर बदलू म्हटलं, तर तोवर फीडमध्ये पोचलेली असते.

स्ट्राव्हाचा 'लोकल लेजंड' हा किताब त्या मानाने बरा: 90 दिवसांत एखाद्या सेगमेंटवर सगळ्यात जास्त वेळा जाणाऱ्याला मिळतो, वेगाचा संबंध नाही.

महिन्याच्या चॅलेंजमध्ये शिरण्याआधी भागाकार करा. 100 किलोमीटर म्हणजे आठवड्याला जवळपास 23. सध्या 15 धावत असाल तर नाव घालू नका. शेवटच्या आठवड्यात जवळपास 50 उरतात आणि नडगी धरते. रोज न चुकता धावण्याच्या स्ट्रीकपेक्षा आठवड्याला तीन धावांचं लक्ष्य ठेवा, विश्रांतीच्या दिवशी चुकल्यासारखं वाटत नाही.

ॲप आपल्याला ढकलतंय का, हे तपासायचं तर दोन आठवडे सगळी नोटिफिकेशन्स बंद ठेवा. सोपी धाव किलोमीटरमागे 20-30 सेकंदांनी संथ झाली, तर तेवढी घाई कुडोजची होती.