वीज गेली आणि रिबेस अर्धवट राहिला

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) रिबेस, म्हणजे शाखेवरचे कमिट (नोंदवलेले बदल) नव्या पायावर पुन्हा चढवणं, चालू असताना वीज गेली. मशीन परत सुरू केल्यावर कमिट होईना, चेकआउट होईना, 'इंडेक्स.लॉक' फाइल आधीच आहे, एवढंच गिट सांगत राहिलं.

ही फाइल घाईने उडवू नका. गिट नवा इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या फाइलींची यादी) आधी या लॉक फाइलमध्ये लिहितं आणि काम पूर्ण झालं की तिचं नाव बदलून 'इंडेक्स' करतं. त्यामुळे जुना इंडेक्स बहुधा शाबूत असतो. मी आधी '.गिट'सकट अख्ख्या फोल्डरची प्रत काढली. माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची पायरी. मग एडिटरसह गिटची कुठलीही प्रोसेस चालू नाही हे तपासलं आणि लॉक काढला.

'गिट स्टेटस'ने रिबेस अर्धवट असल्याचं दाखवलं. कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) कुठपर्यंत सुटले होते याची खात्री नव्हती, म्हणून 'गिट रिबेस --अबॉर्ट' चालवलं. शाखा मूळ जागी आली. साठा तपासणाऱ्या 'गिट एफएससीके'नेही ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला डेटा) शाबूत असल्याचं सांगितलं.

कमिट हरवल्यासारखा वाटला तर रिफ्लॉग (शाखा आधी कुठल्या कमिटवर होती याची गिटची नोंदवही) पाहा. शाखेपासून सुटलेल्या कमिटच्या नोंदीही तिथे डीफॉल्टने 30 दिवस राहतात. पण कमिट न केलेले बदल रिफ्लॉगमध्ये नसतात, म्हणून प्रत काढण्याआधी, ते बदल पुसून टाकणारं 'रिसेट --हार्ड' मुळीच नको.