कापडछपाईचा रोलर: ठाणे-नवी मुंबईत हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

वागळे इस्टेट, रबाळे, महापे किंवा तळोज्याच्या एमआयडीसीत सिलिंडर एनग्रेव्हिंगच्या, म्हणजे छपाईचे रोलर कोरण्याच्या गाळ्यात कामाला लागणारी मुलं साधारण दोन वाटांनी येतात. काही आयटीआयचा टर्नर, मशिनिस्ट ग्राइंडर किंवा इलेक्ट्रोप्लेटर ट्रेड करून, तर काही कमर्शियल आर्ट करून. दोघांचाही समज असतो की हे नक्षीचं काम आहे. नक्षी फार उशिरा येते. रोलर म्हणजे आधी दोन मापं: परीघ किती आणि खोली किती. ही दोन मापं हातात बसली की संगणकावरचं काम पटकन जमतं. उलट क्रमाने शिकलेला माणूस पाच वर्षांनंतरही डाग कुठून आला हे सांगू शकत नाही, असं या धंद्यात पुन्हा पुन्हा दिसतं.

रोलरवरची नक्षी खोलगट असते. रंगपेटीत फिरणारा फर्निशर रोलरला रंग लावतो, डॉक्टर ब्लेड सपाट भागावरचा रंग खरवडून काढते आणि खोलीत उरलेला रंग दाबाखाली कापडावर उतरतो. प्रत्येक रंगाला वेगळा रोलर लागतो. थॉमस बेलने १७८३ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि तत्त्व तेव्हापासून तेच आहे. आजचा रोलर पोलादाचा असतो: त्यावर तांबं चढवतात, तांब्यात नक्षी कोरतात आणि शेवटी वर क्रोमचा थर देतात.

नवख्यांना एक गोष्ट स्पष्ट माहीत हवी. सुती कापडावर थेट तांब्याच्या रोलरने छपाई आता फार थोडी उरली आहे. १९६३ साली स्टॉर्कचं रोटरी स्क्रीन मशीन आलं आणि निकेलच्या जाळीदार नळीने ती जागा घेतली. त्यानंतर डिजिटल आलं. कोरलेल्या रोलरचं आजचं काम मुख्यतः पॉलिएस्टरसाठी लागणाऱ्या ट्रान्सफर पेपरचं आहे. कागदावर डिस्पर्स रंगांनी छापायचं आणि मग १८० ते २१० अंशांच्या उष्णतेने तो रंग कापडात उतरवायचा. त्याशिवाय रेक्झिन आणि कापडावर उठाव आणणारे एम्बॉसिंग रोलर असतात, आणि त्याच गाळ्यात पॅकेजिंगचे ग्रॅव्ह्युअर सिलिंडरही बनतात. टाक्या, ग्राइंडर, कोरण्याचं यंत्र सगळीकडे जवळपास तेच. म्हणून एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे चालतं. फक्त कापडाच्या कामावर अवलंबून राहू नका, पॅकेजिंगचे सेटही हाताखालून जाऊ द्या.

परीघ

डिझाइन जितक्या अंतराने पुन्हा येतं त्याला रिपीट म्हणतात. रोलरच्या परिघात रिपीट पूर्ण संख्येनेच बसला पाहिजे. ६४० मिमी परिघात ६४०, ३२०, २१३.३ किंवा १६० मिमीचे रिपीट बसतात. ग्राहक ३०० मिमीचं डिझाइन घेऊन आला तर दोनच रस्ते: डिझाइन साधारण ६.७ टक्के वाढवून ३२० करायचं, किंवा ६०० मिमी परिघाचा रोलर घ्यायचा. पहिल्या रस्त्यात फुलं मोठी होतात आणि बारीक रेषा जाड होतात, म्हणून वाढवलेलं डिझाइन ग्राहकाच्या सहीशिवाय कोरायला घेऊ नये.

परिघाला ३.१४१६ ने भागलं की व्यास. ६४० मिमीसाठी २०३.७२ मिमी, ६०० साठी १९०.९९. हे आकडे तोंडपाठ असावेत. व्यासात ०.१ मिमीची चूक म्हणजे परिघात ०.३१ मिमी. सहा रंगांच्या सेटमध्ये एकच रोलर असा निघाला तर दोन रोलरांच्या मधला कागद किंवा कापड प्रत्येक फेऱ्याला थोडं ताणलं जातं नाहीतर ढिलं पडतं. रंगांची जुळणी सुटते, आणि छपाईवाला दिवसभर मशीन सेट करत बसतो. सेटमधल्या रोलरांचे व्यास एकमेकांपासून ०.०२ मिमीच्या आत ठेवायची सवय लावा. काही छपाईवाले पुढचा रोलर मुद्दाम किंचित मोठा मागतात, म्हणजे माल ताणात राहतो. ते ऑर्डर घेतानाच विचारून लिहून ठेवावं.

मापताना तापमान विसरू नका. ग्राइंडरवरून नुकताच उतरलेला रोलर खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असला तर पोलाद प्रसरण पावल्याने ६४० मिमीचा परीघ ०.०७ मिमीने जास्त दिसतो. क्रोमचा ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) थर परिघात ०.०५ मिमी भर घालतो, म्हणजे तापमानाची चूक क्रोमपेक्षाही मोठी. ऑर्डर कितीही तातडीची असो, रोलर थंड होऊ द्या आणि मग परीघपट्टी लावा. सेटमधले सगळे रोलर एकाच पट्टीने, शक्यतो एकाच माणसाने मोजावेत.

पोलादाच्या नळीचा साधारण १६०० मिमी लांबीचा रोलर १० मिमी जाडीत ७५ किलोच्या वर जातो. तो हाताने उचलायचा नाही, क्रेन आणि पट्टाच वापरायचा. साखळी लावली की जर्नलवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतो त्या टोकाच्या दांड्यावर खाच पडते, आणि जर्नलवरची खाच म्हणजे रोलर डगमगत फिरणार. डायल गेज लावून रोलर हळू फिरवा. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

तांबं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण छापील मालातले निम्म्याहून अधिक दोष तांब्याच्या टाकीत जन्मतात असं आमचं मत आहे.

पोलादावर आम्लाच्या टाकीतल्या तांब्याचा थर थेट चढवला तर तो पकडत नाही. आधी निकेलचा पातळ थर लागतो, २ ते ५ मायक्रॉन. त्यापूर्वी तेल पूर्ण काढायचं. पाणी ओतून बघा: पाण्याचा अखंड पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, पडदा फाटून थेंब जमले तर तेल उरलं आहे. ही चाचणी फुकट आहे आणि तरी ती टाळली जाते. टाळली की महिन्याभराने छपाईवाल्याकडे तांबं पापुद्र्यासारखं सुटतं.

तांब्याच्या टाकीत साधारण २०० ते २२० ग्रॅम प्रति लिटर कॉपर सल्फेट आणि ५० ते ७० ग्रॅम प्रति लिटर गंधकाम्ल असतं. तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यात कठीणपणा देणारं रसायन मिसळतात, ते पुरवठादारागणिक बदलतं. रोलर टाकीत फिरत राहतो. प्रति चौरस डेसिमीटर २० अँपिअर दिले तर मिनिटाला ४.४ मायक्रॉन तांबं बसतं, म्हणजे १०० मायक्रॉनला २३ मिनिटं. हा हिशेब फॅरेडेच्या नियमातून येतो. तो स्वतः एकदा कागदावर मांडा, म्हणजे टाकीला वीज देणारा रेक्टिफायर चुकीचा आकडा दाखवतोय का हे थर मोजून ओळखता येईल.

टाकीत भर घालताना नळाचं पाणी वापरू नका. क्लोराइड या टाकीत ठरावीक अंशातच हवं असतं. नळाचं पाणी महिनोन्महिने टाकत गेलं की ते नकळत वाढतं आणि थराचा पोत बिघडतो. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घ्या.

दोष वाचायला शिका. पृष्ठभागावर बारीक दाणे आले तर अॅनोडचा (टाकीतल्या धन ध्रुवाच्या तांब्याचा) गाळ उडतो आहे: अॅनोडची पिशवी फाटली असेल किंवा फिल्टर तुंबला असेल. खड्डे आले तर बहुतेक वेळा तेल किंवा कुजलेलं रसायन, म्हणजे कार्बन फिल्टर लावायची वेळ झाली. थर मऊ आला तर कठीणपणाचं रसायन कमी पडलंय किंवा टाकी तापली आहे. कोरण्यासाठी तांबं २०० ते २२० व्हिकर्स (कठीणपणाचं माप) कठीण हवं. त्याहून मऊ असेल तर हिऱ्याची टोकणी कापण्याऐवजी फाडते आणि कडेला बर, म्हणजे उठलेली धातूची किनार राहते. फार कठीण झालं तर हिरा तुटतो, आणि हिरा महाग असतो. शिवाय असं तांबं ठेवून दिलं की आपोआप मऊ पडत जातं, म्हणून पॉलिश झालेला रोलर शक्यतो लगेच कोरायला घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पॉलिश केलेल्या तांब्यावर बोटांचे ठसे काही तासांत काळे पडतात. हातमोजे घाला, रोलर कोरड्या कागदात गुंडाळा, जर्नलला ग्रीस लावा.

कोरणं

पद्धती तीन. हिऱ्याच्या टोकणीने इलेक्ट्रॉनिक कोरण, रेझिस्ट (न कोरायची जागा झाकणारा लेप) लावून आम्लाने किंवा फेरिक क्लोराइडने एचिंग, आणि लेझर. जुन्या मिल-डायच्या पद्धतीत पोलादाच्या छोट्या डायवर हाताने कोरून, त्यावरून उठावाची मिल उमटवून, ती मिल दाबाखाली तांब्यात उतरवत. ती आता क्वचितच दिसते.

टोकणीचा कोन खोली ठरवतो. १२० अंशांच्या टोकणीने १५० मायक्रॉन रुंद खळगा पाडला तर त्याची खोली ४३ मायक्रॉन येते. तोच खळगा १३० अंशांच्या टोकणीने ३५ मायक्रॉन खोल. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून रुंदी सारखी दिसते आणि रंग मात्र कमी बसतो. टोकणी बदलल्याची नोंद न करणं हे फिकट छपाईचं नेहमीचं कारण आहे. काम सुरू करण्यापूर्वी रोलरच्या कडेला चाचणी खळगे पाडून फिकट, मध्यम आणि गडद अशा तिन्ही छटांची रुंदी मोजा.

एचिंगमध्ये द्रव फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातो. ०.१ मिमी खोल जाताना प्रत्येक बाजूला ०.०५ मिमी खाल्लं तर रेष एकूण ०.१ मिमी जाड होते. म्हणून फिल्म करताना रेष तेवढी बारीक काढावी लागते. ही भरपाई गाळ्यागणिक वेगळी असते, कारण द्रवाची घनता, तापमान आणि फवारा वेगळा. स्वतःच्या गाळ्याचा आकडा चाचणी पट्टीवरून काढा, शेजारच्याचा उसना घेऊ नका.

मोठी सपाट रंगीत जागा कधीही सलग खोल करायची नाही. ब्लेड तिथे आत झुकते, रंग खरवडून नेते आणि मधली जागा फिकट छापली जाते. म्हणून अशा जागेत तिरक्या बारीक रेषा ठेवतात, ज्यांच्या माथ्यावर ब्लेड टेकून सरकते. रेषा तिरक्या का? आडव्या, म्हणजे ब्लेडला समांतर असल्या तर ब्लेड धक्के खाते. फेऱ्याच्या दिशेने असल्या तर ब्लेडच्या त्याच जागा सतत झिजतात. जाड, शोषक कापडाला खोल आणि विरळ रेषा, पातळ कापडाला किंवा कागदाला उथळ आणि दाट.

कापडावर थेट छापताना आणखी एक गोष्ट: आधी छापलेला रंग पुढच्या प्रत्येक रोलरखाली पुन्हा दाबला जातो आणि थोडा फिकट होतो. सेटमधला रोलर मशीनवर कितव्या जागी बसणार हे कोरण्यापूर्वी ठाऊक असलं पाहिजे.

क्रोम आणि त्याआधीची तपासणी

क्रोम चढल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे जवळजवळ सगळं पुन्हा करणं. म्हणून भिंगाने पूर्ण रोलर क्रोमच्या आधी तपासा. ओरखडा असेल तर बर्निशरने (घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने) दाबता येतो, खड्डा ब्रश प्लेटिंगने (तेवढ्याच जागी तांबं चढवून) भरून पुन्हा कोरता येतो.

क्रोमच्या टाकीत २५० ग्रॅम प्रति लिटर क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाने गंधकाम्ल. तापमान ५० ते ५५ अंश. रोलर टाकीच्या तापमानाला येईपर्यंत करंट द्यायचा नाही. प्रति चौरस डेसिमीटर ५० अँपिअरला साधारण १५ मिनिटांत ८ मायक्रॉन थर बसतो, कारण या टाकीत बहुतेक वीज हायड्रोजन तयार करण्यात जाते. मध्येच वीज गेली तर वर पुन्हा क्रोम चढवू नका, दुसरा थर पकडत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोम उतरवून पहिल्यापासून सुरू करा. कडा करपट राखाडी दिसल्या तर करंट जास्त किंवा टाकी थंड.

शिकायला कुठे जावं, आणि रुजू होण्यापूर्वी काय बघावं

अॅप्रेंटिसशिप घेणार असाल तर सरकारी पोर्टलवर नोंदणी करून नियमानुसार करारावर घ्या, तोंडी नको. कापडाची बाजू समजून घ्यायची असेल तर घाटकोपरची बीट्रा ही कापड संशोधन संस्था आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय ठाण्याहून जवळ आहेत. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानकं ठाणे-वाशी मार्गावर आहेत, त्यामुळे नोकरी शोधताना एकाच दिवशी तीन-चार गाळे बघता येतात. पहिलं वर्ष ग्राइंडिंग आणि प्लेटिंगला मागा, कोरण्याचं यंत्र नंतर.

गाळा बघायला गेलात की आधी क्रोमच्या टाकीकडे बघा. टाकीच्या कडेला हवा ओढणारी फट आणि पंखा चालू आहे का? क्रोमिक आम्लाचा धुका श्वासातून जातो. त्याने नाकाचा पडदा झिजून भोक पडतं, त्वचेवर न भरणारे व्रण होतात, आणि षट्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. कायद्याने क्रोम प्लेटिंग धोकादायक प्रक्रियेत मोडते, म्हणून कामगारांची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ती होते का हे विचारायला लाजू नका. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर मागून घ्या.

सांडपाणी कुठे जातं हेही विचारा. क्रोमचं पाणी तांब्याच्या पाण्यापासून वेगळं गोळा करून, सामू (पीएच) २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने पिवळ्याचं हिरवं करतात. मग चुना किंवा कॉस्टिकने सामू ८ ते ९ वर नेला की क्रोमियम गाळ होऊन बसतो. तो गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवल्याच्या पावत्या गाळ्यात असायला हव्यात. मालक त्या पावत्या, टाकीच्या रोजच्या चाचणीची वही आणि रोलरांच्या मापांची नोंद सहज दाखवत असेल, तर तिथे पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा.