घटस्फोटात फ्लॅटचं व्हॅल्युएशन करताय? या चुका टाळा

"सर, रेडी रेकनरचा रेट आम्ही काढलाय, फक्त तुमचा शिक्का हवाय." व्हॅल्युअर म्हणून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. अहो, रेडी रेकनर सरकार मुद्रांक शुल्कासाठी काढतं, तो अख्ख्या विभागाचा दर असतो, तुमच्या बिल्डिंगला पाणी येतं की टँकर लागतो हे त्याला काय माहीत. ज्याला फ्लॅट ठेवायचाय तो जिथे रेकनर कमी तिथे रेकनर धरून बसतो आणि ज्याला पैसे घेऊन बाहेर पडायचंय तो पोर्टलवरच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवतो, पण ती मागितलेली किंमत झाली, त्या भावाला कोणी घेतलं का? मी आधी त्याच सोसायटीतले, नाही मिळाले तर शेजारच्या बिल्डिंगमधले अलीकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे उतारे, काढतो. नोंदणी विभागाच्या साइटवर सापडतात, साइट रडतरडत चालते, पण तेवढा धीर धरावा.

होम लोनच्या वेळचा बँकेचा रिपोर्टही नको, तो जुना असतो आणि त्यात मार्केट (बाजारभाव), रियलायझेबल (विकल्यावर प्रत्यक्ष हाती येईल तो) आणि डिस्ट्रेस (घाईत विकावं लागलं तर मिळेल तो) असे तीन आकडे असतात, लोक बरोब्बर आपल्या सोयीचा उचलतात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, सोसायटीत काय शिजतंय ते न बघणं. कोथरूडचं एक जोडपं, म्युच्युअल कन्सेंट म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट ठरलेला, फ्लॅट दोघांच्या नावावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. नवरा फ्लॅट ठेवणार आणि बायकोला अर्धे पैसे देणार. घाई होती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून स्वस्तात रिपोर्ट करून घेतला, त्यात जुनी बिल्डिंग म्हणून भरपूर घसारा. बाई कन्सेंट टर्म्सवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींवर) सही करायच्या आधी सहज माझ्याकडे आल्या. मी त्यांना सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त आणायला सांगितलं, तर रिडेव्हलपमेंटचा ठराव पास होऊन बिल्डरही निवडलेला, प्रत्येक मेंबरला जादा कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि वर कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून रोख रक्कम, आणि हजेरीत नवरोबांची सही! बाई माहेरी राहत होत्या, त्यांना कोण सांगणार. मग वकील परत बसले आणि आकडा बराच वर गेला. अर्थात बिल्डरशी करार व्हायचा होता, म्हणून नव्या फ्लॅटचा पूर्ण भाव मी धरला नाही, कारण ठराव झाल्यावरही वर्षानुवर्षं अडकलेल्या सोसायट्या कमी बघितल्या नाहीत. पण शून्य धरणं म्हणजे सरळ फसवणूक.

बाकीचं पटापट. कार्पेट आणि सुपर बिल्टअपची (त्यात जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटाही धरतात) खिचडी करू नका, मी दोघांसमोर टेप लावतो, भांडण तिथेच मिटतं. इंटिरियरवर बारा लाख घातले म्हणून किंमत बारा लाखांनी वाढत नाही. लोनची बाकी बँकेकडून लेखी घ्या आणि वजा करा, अंदाजपंचे नको. आणि अर्धा-अर्धा वाटा आपोआप मिळतो असा आपल्याकडे कायदा नाही, ते वकिलाला विचारा, मला नाही.

तारीख मात्र नक्की लिहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीने घटस्फोटाचा अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं, कोर्ट कधी माफ करतं कधी नाही, आणि केस लांबली की एकजण म्हणतो आजचा भाव, दुसरा म्हणतो तेव्हाचा. कुठल्या तारखेचा भाव ते टर्म्समध्येच टाका. फी दोघांनी निम्मी-निम्मी भरा, रिपोर्ट मी दोघांना एकाच मेलवर पाठवतो.